पुढचे एक्याण्णव

दर गुरुवारी सकाळी शकुकाकी पलंग भिंतीला सरकवतात, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली हातांची खुर्ची ठेवतात, समोर स्टूल मांडतात आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळ्या मांडणीवर एक नजर फिरवतात. पडदा उघडण्याआधी नेपथ्यवाला फिरवतो ना, तशी. मग म्हणतात, "बसा आता." आणि धाकू घाडी, म्हणजे दहिसरच्या त्या इमारतीचे धाकूकाका, इस्त्रीचा सदरा घालून, कपाळाला गंध लावून, मांडीवर पाटी घेऊन त्या खुर्चीत बसतात. दुपारच्या जेवणापर्यंत उठायचं नाही.

गंध शकुकाकींच्या आग्रहाचं. पाटी तेवढी त्यांची स्वतःची.

बाहेर सातव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये तोवर चपला जमलेल्या असतात. कुणाला नवा मोबाइल नंबर घ्यायचा असतो, कुणाच्या मुलीला स्थळ आलेलं असतं आणि स्थळाचा नंबर कागदावर उतरवून आणलेला असतो. माणूस स्टुलावर बसतो, नंबर सांगतो आणि धाकूकाकांच्या तोंडाकडे टक लावून बघतो. जणू त्या तोंडातून आता त्याचं नशीब बाहेर पडणार. धाकूकाकांच्या तोंडातून मात्र एवढंच बाहेर पडतं, "सातानं जातो." किंवा फार झालं तर, "एकोणिसानं जातो. आणि उरतो तोही पुन्हा एकोणिसानंच जातो."

पुढचं शकुकाकी सांगतात.

हे सगळं सुरू कसं झालं, ते ऐकण्यासारखं आहे. धाकूकाकांची सगळी नोकरी पार्ल्यातल्या एका नाट्यगृहाच्या बुकिंगच्या खिडकीत गेली. खिडकी म्हणजे काय, तर गज, गजांखाली हात जाईल एवढं अर्धगोल भोक, आत एक माणूस आणि त्याच्यासमोर खुर्च्यांचा प्लॅन. संध्याकाळी काय तो थाट! मोगऱ्याचे गजरे, अत्तर, रांगेतली ढकलाढकली, "धाकू, पुढची चार ठेव रे बाबा." मग तिसरी घंटा व्हायची, दारं बंद व्हायची, आणि बाहेरच्या दिव्याखाली तो एकटा उरायचा. आतून हशा यायचा, टाळ्या यायच्या. या माणसानं शेकडो नाटकांची पहिली घंटा ऐकली, शेवटचा अंक क्वचित पाहिला.

त्या एकटेपणात त्याला आकडे भेटले. तिकिटांच्या पुस्तकावरचे लांबलचक क्रमांक. तो ते फोडत बसायचा. हा तिनानं जातो का, म्हणजे बाकी न उरता भाग जातो का? अंकांची बेरीज करून बघ. सातानं, अकरानं, तेरानं? त्याची तर एक सुरेख युक्ती आहे. एक हजार एक या आकड्यात सात, अकरा आणि तेरा हे तिघे एका बिऱ्हाडात राहतात. म्हणून मोठ्या आकड्याचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे, एक गट मिळवायचा, पुढचा वजा करायचा, आणि जे हाती येईल ते या तिघांना दाखवायचं. ते गेलं तर आख्खा आकडा गेला. गट नुसते मिळवत गेलो तर सदतिसाची परीक्षा होते. आणि एखादा आकडा असा भेटतो की तो कुणानंच जात नाही. एक आणि तो स्वतः, तिसऱ्याला दार बंद. शाळेच्या पुस्तकात त्याला मूळ संख्या म्हणतात. असा आकडा सापडला की खिडकीतल्या धाकूला वाटायचं, आज आपण शेवटचा अंक पाहिला.

निवृत्त झाल्यावर एकदा शेजारच्या दीप्तीनं नवा फोन घेतला. लिफ्टची वाट बघता बघता तिनं नंबर सांगितला आणि हे सवयीनं बोलून गेले, "सदतिसानं जातो." त्याच महिन्यात दीप्तीचा नवरा स्कूटरवरून पडला, हात मोडला. त्याचं वय सदतीस. झालं! इमारतीत बातमी फिरली, इमारतीतून गल्लीत, गल्लीतून थेट चेकनाक्यापर्यंत. धाकूकाका घसा फोडून सांगत राहिले की बाई, मी भागाकार केला, भविष्य नाही. पण लोकांना भागाकार नको होता.

एकदा त्यांनी शकुकाकींपुढे विषय काढलाही. दोघंच असली की दोघांच्या तोंडी गावची मालवणी येते.

"शकु, ह्या बंद करूया गो. आकड्याक काय कळता, कोणी कोणाशी लगीन करूचा ता?"

"आकड्याक नाय कळणा. माका कळता," शकुकाकी कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "तुमी कितीन जाता तेवढा सांगा. पुढचा मी बघतंय."

आणि त्या खरंच बघायच्या. तिनानं गेला, तर नवराबायकोत तिसऱ्याचं तोंड. सातानं गेला, तर घाई नको. अकरानं गेला, तर घरात लेकरं नांदतील. आणि कशानंच गेला नाही, मूळ संख्या निघाली, तर काकी पदर डोक्यावर घेऊन जाहीर करायच्या, "अखंड! डोळे मिटून करा." वीस-बावीस नंबरांत एखादा तसा निघायचा, आणि त्या दिवशी पॅसेजमध्ये पेढे वाटले जायचे.

पैशाला त्या हात लावत नसत. नारळ, फार तर खणाचं कापड. पण प्रश्न नारळाचा नव्हता. आयुष्यभर या बाईनं दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटल्या. आधीच्या चाळीत तिला "ती पोळीवाली" म्हणत. आता सोसायटीच्या पूजेला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतात, "शकुकाकी, इथं बसा." ते तिच्या चेहऱ्यावरचं तेज बघितलं की धाकूकाका पुन्हा पाटी हातात घ्यायचे. बंद करायचं म्हणजे ती पहिल्या रांगेतली खुर्ची काढून घ्यायची. ते त्यांच्या हातून होईना. आणि रस्त्यावर जावं तर न्हाव्याच्या दुकानातसुद्धा अर्ध्या दाढीवर कुणीतरी विचारायचं, "काका, एक नंबर बघता का पटकन?" मग त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. एका खिडकीतून सुटलेला माणूस दुसऱ्या खिडकीत येऊन बसला. या खिडकीला तर गजसुद्धा नव्हते, म्हणजे अडकलोय हे दाखवायचं तरी कसं?

एक गोष्ट मात्र त्यांनी जपली होती. अर्थ काकींचा असो, आकडा खरा असायचा. जो जातो तो जातो, जात नाही तो जात नाही. त्यात त्यांनी कधी उन्नीस-बीस केलं नाही.

त्या गुरुवारी स्टुलावर येऊन बसल्या त्या सरूबाई. खारदांड्याच्या. पार्ल्याच्या बाजारात त्यांची मासळीची जागा, आणि धाकूकाका नोकरीत असताना घरी जाताना त्यांच्याकडूनच बांगडे न्यायचे. मागे उभी त्यांची नात निशा, अंधेरीला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला, खांद्याला बॅग, चेहरा लिंबू पिळल्यासारखा.

"काय भाव, वळखलंस का?" सरूबाई म्हणाल्या. कोळीवाड्यात भाऊचा भाव होतो.

"सरूबाई! तुम्हाला नाही ओळखणार?"

"मंग बरा. तू कदी मागची खुर्ची पुढची म्हणून इकली न्हाय, म्हणून इतक्या लांब आले. या पोरीला वेसाव्याचं स्थळ हाय. अल्पेश त्याचं नाव. दोन बोटी हायत घरच्या. मी शब्द दिलाय त्यांना. पण म्हटलं, एकदा नंबर बघावा." त्यांनी पोराचा नंबर सांगितला. "नीट बघ हां. घाई नको. तीनबीन काय लागतंय का, बरोबर बघ."

तो नंबर इथे लिहायचा नाही, परक्याच्या मुलाचा आहे. दहा अंकी होता, शेवटी सात होते, एवढं पुरे.

मग सरूबाईंनी पिशवीतून पानात बांधलेलं ओलं पुडकं काढलं. "आनि हे बोंबील. ताजे हायत."

शकुकाकींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अहो, आज गुरुवार!"

"गुरुवार मानसाला. बोंबलाला कसला गुरुवार? फिरीजमदी टाक."

देवासमोर बोंबील राहू द्यायचे नाहीत म्हणून काकी पुडकं लांब धरून आत पळाल्या आणि मोजून द्यायला सरूबाई त्यांच्या मागोमाग. आतून आवाज येऊ लागला. "लाभ... दोन... तीन..." कोळणीच्या तोंडी मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

बाहेर धाकूकाका आणि निशा. निशा झटकन स्टुलावर बसली.

"काका, तो नंबर जातो म्हणून सांगा ना. कशानंही. प्लीज."

"असं कसं सांगू? बघितल्याशिवाय?"

"बघू नकाच. तुमचं काय जातंय? तीन म्हणा. आजीला तीन चालणार नाही."

"का गं? मुलगा वाईट आहे?"

"वाईट नाही हो. दोनदा भेटलो. दोन्ही वेळा तोच बोलला. मी काय खाणार तेही वेटरला त्यानंच सांगितलं. लग्नानंतर लॅब सोड म्हणाला, घरी काय कमी आहे? मी म्हटलं, मला विचारायचं आहे का सांगायचं आहे? तर हसला." तिनं आतल्या दाराकडे पाहिलं. "आजीला हजारदा सांगितलं. ती म्हणते, नंबर बोलेल तसं. आता माझं सगळं तुमच्या या पाटीवर आहे."

"आकड्याबद्दल मी खोटं बोलत नाही बाळा," धाकूकाका म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना बुकिंगच्या भोकातून आल्यासारखा वाटला. हाऊसफुल्ल आहे, सॉरी.

"मग खरं शोधा!" ती म्हणाली. "एखादा तरी निघेल ना?"

धाकूकाकांनी पाटी पुढे ओढली. आजवर त्यांनी आकडे फोडले ते गंमत म्हणून. आज पहिल्यांदा आकडा फुटावा म्हणून ते देवाला हात जोडायच्या बेतात होते. अंकांची बेरीज केली. सत्तेचाळीस. तीन गेला हातचा, दोन उरले. शेवटी सात, म्हणजे दोन आणि पाच दारातच नाहीत. गट पाडले, मिळवले, वजा केले. सात? नाही. अकरा? नाही. तेरा, तोही नाही. एकाच बिऱ्हाडातले तिघेही पाठ फिरवून गेले. नुसती बेरीज घेतली, सदतीस नाही. सतरा. एकोणीस. तेवीस. पेन्सिल कुरकुरत होती, आतून "नऊ... दहा..." ऐकू येत होतं, आणि समोर ती पोर पाटीकडे उलट बाजूनं बघत प्रत्येक बाकीला ओठ चावत होती.

शंभरापर्यंतचे सगळे संपले. त्यापुढचं काम पाटीचं नाही. त्यासाठी पुतण्या देवेशनं मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलेलं होतं. धाकूकाकांनी नंबर घातला. चष्मा वर केला, खाली केला. पडद्यावर दोनच शब्द आले.

मूळ संख्या.

एरवी त्यांनी टाळी वाजवली असती. आज त्यांना त्या आकड्याचा राग आला. एवढे मोठे दहा अंक, आणि एका पोरीला निसटायला कुठे फट म्हणून नाही!

"काय निघालं?" निशानं विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं होतं.

तेवढ्यात शकुकाकी हात पुसत बाहेर आल्या. इतक्या वर्षांचा संसार, त्यांनाही चेहऱ्यावरूनच कळलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला. म्हणजे आता घोषणा होणार. पॅसेजमधल्या बायकाही दारात माना घालून उभ्या. सरूबाई मागे थांबलेल्या, ओला हात लुगड्याला पुसत, आणि त्यांच्या तोंडावर आनंदाऐवजी भलतंच काहीतरी. परीक्षेचा निकाल लागताना नापास मुलाच्या बापाच्या तोंडावर असतं तसं.

आणि निशाच्या हातातला फोन वाजला.

"त्याचाच आहे," ती पुटपुटली. तिनं तो उचलला नाही. फोन तसाच थरथरत राहिला, पडदा वर. धाकूकाकांची नजर गेली. तिनं त्या मुलाचं नाव फोनमध्ये घातलंच नव्हतं. नुसता नंबर झळकत होता. आणि नंबराच्या पुढे, सगळ्यांच्या फोनवर असतात, कुणी कधी बघत नाही, ते अधिकचं चिन्ह आणि एक्याण्णव.

धाकूकाकांची पेन्सिल आपोआप हलली.

एक्याण्णव. तेरा सत्ते एक्याण्णव. म्हणजे सात आणि तेरा यांना याचा उपयोग नाही. त्यांच्या लेखी पुढे एक्याण्णव लावले काय, न लावले काय, बाकी तीच उरणार. पण तीन? नऊ आणि एक दहा. सत्तेचाळीस आणि दहा सत्तावन्न. एकोणीस त्रिक सत्तावन्न.

"शकु, थांब," ते म्हणाले.

शकुकाकींचा हात पदरावरच राहिला. प्रयोग चालू असताना आजवर कुणी त्यांना थांबवलं नव्हतं.

"सरूबाई, मी आता दोन गोष्टी सांगतो. दोन्ही खऱ्या आहेत," धाकूकाका खुर्चीतून उठून उभे राहिले. जेवणाआधी ते कधी उठत नसत. "तुम्ही सांगितला तो दहा अंकी नंबर कशानंच जात नाही. पण फोनवर हा बघा, पुढे एक्याण्णव आहेत. ते देशाचे अंक, सगळ्यांनाच असतात. ते धरले तर हाच नंबर तिनानं जातो. मुलगा तोच. फोन तोच. आता तुम्ही मला सांगा, मुलगा चांगला की वाईट? आकड्याला काही माहीत नाही हो. आकडा मुलाला ओळखत नाही. तुमच्या पोरीला विचारा. ती इथे बसली आहे, तिला तोंड आहे."

त्यांनी शकुकाकींकडे बघायचं टाळलं. आजवरचे सगळे नंबर, सगळे अखंड, सगळे पेढे त्यांनी एका वाक्यात पुसले होते. पहिल्या रांगेतली खुर्चीसुद्धा. पण आत, फार खालून, गार वारं आल्यासारखं वाटलं. सुटलो. झालं ते झालं, पण सुटलो.

"किती म्हटलंस?" सरूबाईंनी विचारलं.

"अहो, मी काय म्हणतोय..."

"तीन म्हटलंस ना?"

"एक्याण्णव धरले तर तीन. पण..."

"मंग धरायचेच!" सरूबाईंनी पुढे येऊन निशाच्या पाठीवर अशी थाप मारली की स्टूल हललं. "सरकारानं दिलेले हायत ते, आपण सोडायचे होय? तिनानं जातो! ऐकलं का गो बायांनो? तिनानं जातो!" आणि इतका वेळ दाबून धरलेला श्वास त्यांनी सोडला. "भाव, तुला काय सांगू. शब्द दिला मी, आनि दुसऱ्या दिवसापासून झोप न्हाय. ही पोर जेवताना मान खाली घालून जेवते. मला दिसत न्हाय होय? पण वेसाव्यात जाऊन मी कुठल्या तोंडानं न्हाय म्हणू? मी तोडला तर मी खोटी. पोरीनं तोडला तर पोर वाईट. नंबरानं तोडला तर कुणाचंच तोंड काळं न्हाय."

निशा आजीकडे बघतच राहिली. "आजी, तुला पण नको होतं? मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस. तोंड हाय ना तुला, हा भाव म्हणतोय तसं!" सरूबाईंनी तिचं डोकं छातीशी ओढलं. बोंबलाच्या हातांनी. आणि ती लॅबमधली पोर नाक न मुरडता तशीच राहिली, हसत आणि रडत.

दोघी गेल्या. धाकूकाका पाटी पुसायला लागले. आता काकी बोलतील. काय बोलतील?

शकुकाकी खिडकीजवळ उभ्या होत्या. पदर अजून डोक्यावर. मग त्या वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नवी संहिता हातात पडल्यावर नटाच्या चेहऱ्यावर येते ती उत्सुकता होती.

"असां काय ता माका आधी सांगूचा नाय?" त्या म्हणाल्या. "म्हणून तर त्या भाईंदरवाल्याचा नंबर अखंड असून लगीन बिघडला! पुढचे एक्याण्णव धरूक नाय होते." आणि दाराकडे तोंड करून, त्या आवाजात जो शेवटच्या रांगेपर्यंत जातो, त्यांनी सांगितलं, "ज्यांचे नंबर आधी बघून झालेत, त्यांनी परत या गं. आता एक्याण्णव धरून बघायचं."

धाकूकाका परत बसले. खुर्ची तिथेच होती.

पुढच्या गुरुवारी चपलांची रांग जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली. सकाळीच खारदांड्याहून कुणीतरी पुडकं आणून दिलं होतं. निशानं त्यावर चिठ्ठी लावली होती, लॅब चालू आहे, आजी रोज मनातलं मला सांगते आणि मी तिला. बोंबील फ्रीझरमध्ये गेले. स्टुलावर पहिली येऊन बसली ती दीप्ती, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं होतं.

"काका, एक्याण्णव धरून परत बघा ना. आधी सदतीस निघाला होता."

शकुकाकींनी नवी, मोठी पाटी आणली होती. धाकूकाकांनी ती मांडीवर घेतली, आधी नऊ लिहिला, मग एक, मग बाकीचे दहा. बारा अंक. पाटी मोठी होती, तरी पहिला अंक डाव्या लाकडी पट्टीला टेकला आणि शेवटचा उजव्या. त्यांनी एकदा उघड्या दाराकडे पाहिलं, दारात उभ्या माणसांकडे पाहिलं, आणि उजवीकडून तीन-तीनचे गट पाडायला घेतले.